साडभाऊंचा झाडू आणि पोछा

"उपटा! आधी ती वायर उपटा! पैसे देऊन घरात चौकीदार बसवता, अन् तोच कडी लावून तुमाले बाहेर काढते, हे समजत नाई काय बाप्पा?" असं ओरडत आमचे साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमच्या हॉलमध्ये शिरले, तेव्हा अँटिव्हायरसचा डबा विकायला आलेला इसम चहा अर्धा टाकून जो निघाला तो वरोरा नाका ओलांडेपर्यंत मागे वळून पाहायला थांबला नाही. चंद्रपूर जिल्ह्यात असा कॉम्प्युटर नव्हता ज्याच्या पोटात साडभाऊंनी हात घातला नाही. जंगलातले वाघ मोजायला कॅमेरे लावावे लागतात. कॉम्प्युटर मोजायचे असते तर एकट्या साडभाऊंना विचारून भागलं असतं, आणि त्यांनी प्रत्येकाचा आजारही सांगितला असता.

पाटबंधाऱ्याच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून जन्म काढलेला हा माणूस निवृत्त झाला आणि गळ्यात काळ्या गोफात पेनड्राइव्ह ओवून डॉक्टर झाला. त्या पेनड्राइव्हमध्ये चाळीसेक 'दवाया' होत्या, सगळ्या फुकटच्या: एक कचरा झाडणारी, एक एकसारख्या फायली हुडकणारी, एक डिस्कचं आयुष्य सांगणारी, एक चुकून पुसलेलं परत आणणारी. कोरपन्याला एका लग्नात पंगत बसली तरी साडभाऊंचा पत्ता नाही. शोधलं तर नवरदेवाच्या घरच्या कॉम्प्युटरपुढे मांडी घालून बसलेले. बाहेर आले आणि मुलीच्या बापाला भर मांडवात म्हणाले, "डिस्क ठणठणीत हाये. बिनघोर पोरगी द्या." हमाली म्हणून कोणी काही द्यायला गेलं की भडकत. "बनवणारानं फुकट देल्ली, अन् मी झाडायचे पैसे घेऊ?" एकदा तर त्यांनी ती कचरा झाडणारी दवाई बनवणाऱ्या परदेशी माणसाला शुद्ध मराठीत पत्र धाडलं की आपल्या कृपेने सारी भद्रावती स्वच्छ झाली. उत्तरात नुसता एक हसरा चेहरा आला. तो छापून, चौकट करून त्यांनी देवघराशेजारी टांगला.

त्यांची शिस्त मात्र सोवळ्यासारखी. आधी कॉपी, मग झाडू, मग पोछा. कॉपी म्हणजे सगळ्या फायलींची नक्कल बाहेरच्या डिस्कवर. झाडू म्हणजे कचरा आणि एकसारख्या जादा फायली काढून टाकणं. पोछा म्हणजे पुसलेल्या फायलींचा मागमूसही उरू नये म्हणून रिकाम्या जागेवरून शेवटचा हात. "कॉपी नाई त हात नाई," असं म्हणून ते तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत पडद्यावरची निळी पट्टी सरकताना तीन-तीन तास बघत बसत. ठाणेदार घाई करो की सरपंच, पट्टी भरल्याशिवाय माऊसला बोट लागायचं नाही. आम्ही मागून हसायचो.

ही शिस्त एकदाच मोडली, आणि ती मी मोडायला लावली.

भामरागडकडच्या एका शाळेत एक बाई शिकवायच्या. पहिलीत येणाऱ्या लेकरांना फक्त माडिया येते, पुस्तक मराठी. म्हणून त्या बारा वर्षं गावोगाव फिरून म्हाताऱ्यांकडून माडिया शब्द गोळा करत होत्या. त्यांचा कॉम्प्युटर बैलगाडीपेक्षा हळू झाला होता. मी पूर्वी त्या भागात केंद्रप्रमुख होतो. मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "आमचे साडभाऊ आणतो, हरणासारखा पळवतील." ऑगस्टात गेलो. साडभाऊंनी कॉपी लावली, बाई वर्गावर गेल्या, आणि तासाभरात कोणीतरी सांगत आलं की पर्लकोटा नदीचं पाणी पुलाला लागतंय.

"भाऊ, ही पट्टी भरेपर्यंत रस्ता बंद होईल," मी म्हणालो. "आठ दिवस इथे अडकायचं काय?"

"कॉपी होऊन राह्यली ना, बापू. थांब थोडा."

"ती राहू द्या. तुमच्या हातून आजवर काही गेलंय काय?"

स्तुतीला भुलणारा माणूस नव्हता तो. माझ्या चेहऱ्यावरची भीती बघून त्यांनी कॉपी थांबवली. एकसारख्या फायली शोधताना ते आतला मजकूर ताडून बघत. त्याला वेळ लागत होता. "नावावरूनच होऊ द्या ना," हेही मीच म्हणालो. झाडलं, सवयीने पोछाही मारला. कॉम्प्युटर खरोखर हरणासारखा पळू लागला.

बाई तास संपवून आल्या. त्यांनी एका गावाचा फोल्डर उघडला, रिकामा. दुसरा, रिकामा. प्रत्येक गावाच्या फोल्डरात एकच फाईल होती, आणि प्रत्येक फाईलला बाईंनी एकच नाव दिलं होतं: शब्द. झाडूने एका गावची ठेवून बाकी साऱ्या जादा समजून काढल्या होत्या. अर्धवट थांबवलेल्या कॉपीत ते फोल्डर आलेच नव्हते. साडभाऊंनी परत आणणारी दवाई चालवली, तीनदा चालवली. त्यांचा पोछा फार चांगला होता.

"चूक माही हाये, बाई," ते म्हणाले. मी शेजारी उभा होतो. तोंड उघडायला एवढी चांगली संधी मला पुन्हा मिळाली नाही, आणि तीही मी घालवली. परतीच्या वाटेवर, घरी, पुढे कधीही, त्यांनी माझं नाव कोणापुढे घेतलं नाही. गळ्यातला गोफ मात्र उतरला. आता कोणी "भाऊ, कॉम्प्युटर लटकते" म्हणत आलं की ते म्हणतात, "दुकानात ने."

पाणी ओसरल्यावर ते एसटीने पुन्हा निघाले, मीही मुकाट्याने मागे. पिशवीत गावाला एक अशा दोन डझन कोऱ्या वह्या. शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी त्या बाईंपुढे ठेवल्या आणि म्हणाले, "चला बाई, पुन्हा गावोगाव फिरू. तुमी विचारा, मी लिहून घेतो."

बाईंनी त्यातल्या सात वह्या उचलून कपाटात ठेवल्या.

"चला. पण सात गावांत सांगणारं कोणी राह्यलं नाई, भाऊ."