क्रमांक तीनचं डोकं

शनिवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी नीव्हेस देल फाब्रो तेविसाव्या डोक्याची हनुवटी घडवत होती. डोकं वाटाण्याएवढं, सुईच्या टोकाला खोचलेलं. हिरवी पुट्टी कडक व्हायला अजून तासभर होता. हातातली सळई कवळ्यांच्या कारखान्यातली. तोल्मेत्सोत चौतीस वर्षं तिने लोकांचे दात केले आणि निवृत्त होताना हत्यारं घरी आणली.

सात वाजता तिची आई आर्जिया, वय चौऱ्याण्णव, भिंग घेऊन टेबलाशी बसली.

"हा कोण?"

"तूच सांग."

आर्जियाने सुई दिव्याखाली फिरवली. "गिरणीवाल्यांचा ओस्वाल्दो. पण हनुवटी खोटी आहे. एवढी हनुवटी असती तर त्याचं लग्न झालं असतं."

नीव्हेसने हनुवटी कापली.

दुसऱ्या महायुद्धात गावातले एकतीस तरुण इटालियन पहाडी पलटणीतून रशियाला गेले आणि त्रेचाळीसच्या जानेवारीत, माघारीच्या वाटेवर, बर्फातच राहिले. दफनभूमीत त्यांची हाडं नाहीत. दगडावर नावं आहेत आणि चिनी मातीचे लंबगोल फोटो. नीव्हेस त्या फोटोंवरून डोकी घडवते. फोटो समोरून काढलेले. नाक बाजूने कसं दिसायचं, कान किती सुटे होते, हे सांगणारं माणूस गावात एकच उरलं आहे. आर्जिया तेव्हा बारा वर्षांची होती. येत्या जानेवारीत स्मरणदिनाला एकतीस जणांचं, बोटभर पुतळ्यांचं दृश्य सभागृहात मांडायचं होतं. ओस्वाल्दोनंतर आठ डोकी बाकी होती, आणि ईस्टरपासून आर्जियाचा उजवा डोळा गेला होता.

हा उद्योग रागातून सुरू झाला. सहा वर्षांपूर्वी मॉडेल मंडळाने सभागृहाला असंच एक दृश्य भेट दिलं होतं. मंडळाचा अध्यक्ष एर्मेस, नीव्हेसचा शाळासोबती. त्याने विकतचे सैनिक आणले, चारच प्रकारची डोकी फिरवून फिरवून एकतीस धडांवर चिकटवली. उद्घाटनाला आर्जिया काचेला नाक लावून म्हणाली, "हे सगळे एकाच बाईचे दिसतात. बिचारीची कंबर गेली असेल." लोक हसले. नीव्हेस हसली नाही. तिने एर्मेसला डोकी बदलायला सांगितली, तर तो म्हणाला, "अगं, दोन हात लांबून नाकं कोण बघतंय?"

धडं ती अजूनही विकतचीच घेते. कमरेत करवतीने कापते, आत तांब्याची तार घालून वाकवते, हात उपटून दुसरीकडे लावते, वरून पुट्टीचा ओव्हरकोट चढवते. डोकं मात्र दुसऱ्याचं घेत नाही. कारखान्यातल्या धुळीने तिची छाती गेली आहे, म्हणून तयार डोक्यांवर रंगाआधीच्या राखाडी अस्तराचा फवारा एर्मेस मारून द्यायचा. एप्रिलमध्ये तिने आठवड्याच्या गोळ्यांच्या डबीत घालून सात डोकी त्याला दिली. तिसऱ्या कप्प्यात तिचा मामा, जोबात्ता मोरोकुत्ती. घरचे त्याला तीते म्हणत. दहा मिनिटांच्या कामाला एर्मेसने बारा दिवस घेतले. का, हे तिने विचारलं नाही.

अकरा वाजता मायलेकी खालच्या शहरातल्या व्यायामशाळेत पोचल्या. मॉडेलांची वार्षिक स्पर्धा होती, टेबलांच्या रांगा लागल्या होत्या. आर्जिया काठी टेकत चौदाव्या टेबलाशी थांबली. दृश्य चव्वेचाळीस सालचं: जर्मन तुकडी खेडं जाळते आहे. पुढे एक सैनिक छपराला मशाल लावतो आहे. आर्जियाने पिशवीतून भिंग काढलं.

"नीव्हेस, हा तीते आहे."

"आई, तो जर्मन आहे."

"कपडे जर्मन आहेत. माणूस तीते आहे." तिने पुन्हा पाहिलं. "तीतेला चूल पेटवता यायची नाही. आई त्याला शिव्या द्यायची. हा घर कसलं जाळतोय?"

नीव्हेस वाकली. डाव्या कानाखाली एक बारीक तिरपा चरा होता. फेब्रुवारीत तिची पाती तिथे घसरली होती आणि तिने तो तसाच ठेवला होता. तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही. तिने खिशातून कवळ्यांची जाडी मोजायचं माप काढलं. मूळ डोक्याची रुंदी, गालापासून गालापर्यंत, तिच्या वहीत होती: पाच पूर्णांक सहा मिलिमीटर. इथे पाच पूर्णांक पाच भरली. साच्यातून काढलेली नक्कल मुळापेक्षा किंचित आक्रसते. तेवढ्या फरकाने कवळी हिरडीवर बसत नाही, हे तिला चौतीस वर्षं माहीत होतं.

"हात लावू नका बाई!" टेबलामागून एक गृहस्थ धावत आले. त्रेव्हिसोचे दामेत्तो, निवृत्त पोस्टमास्तर. दृश्य त्यांचं होतं.

"हे डोकं कुठून आणलंत?"

"विकत घेतलंय, रीतसर. पाच डोक्यांचा संच आहे, 'थकलेला सैनिक'. हा क्रमांक तीन." त्यांनी हात दाखवला. "तुमच्याच भागातले आहेत की ते. एर्मेस."

एर्मेस दोन टेबलं पलीकडे कॉफी पीत उभा होता. नीव्हेसचं माप बघून त्याने कप खाली ठेवला.

"साचा काढलास?"

"अगं, हळू बोल. लोक बघतायत."

"एर्मेस, साचा काढलास?"

"काढला. मंडळाला छप्पर घालायचंय, पैसा कुठून येतो? आणि तुझी डोकी सुंदरच आहेत, म्हणून काढला. घरी डबीत कोण बघणार होतं त्यांना?"

"मला विचारायला तोंड नव्हतं?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे माहीत होतं."

"नाकावर काय मालकी असते का कुणाची, नीव्हेस? दोन डोळे, एक नाक. सगळ्यांना सारखंच."

"त्या जर्मनाच्या मानेवर तुझं डोकं लाव की मग. आतून पोकळच आहे, वजनाचाही प्रश्न नाही."

दामेत्तोंचा चेहरा उतरला होता. "बाई, मला खरंच ठाऊक नव्हतं. पण परीक्षण चारला आहे. दीड वर्षाचं काम आहे हो माझं. ते झालं की लगेच काढतो."

"आत्ता."

"चारनंतर. शब्द देतो."

यावर आर्जियाने भिंतीजवळची खुर्ची काठीने ओढली, चौदाव्या टेबलासमोर ठेवली आणि बसली.

"मी इथेच आहे," ती म्हणाली. "कुणी आलं की सांगते."

आणि तिने सांगितलं. मुलांना घेऊन आलेल्या बापाला, शाळेच्या मास्तरांना, एका पाद्र्याला, तिघी नर्सना. आवाज न चढवता, प्रत्येकाला तेच: "हा मशालवाला माझा भाऊ आहे. एकवीस वर्षांचा होता. याने कुणाचं घर जाळलं नाही, हा डॉन नदीच्या अलीकडे गोठून मेला. याला इथे त्या एर्मेसने आणलं. तो बघा, निळ्या स्वेटरमधला." एर्मेसने स्वेटर काढला. आर्जियाने "शर्टातला" म्हणायला सुरुवात केली.

सव्वातीनला दामेत्तोंनी खिशातून चिमटा काढला. त्यांनी हेल्मेटसकट डोकं पिळून खिळीवरून उपसलं आणि आर्जियाच्या तळहातावर ठेवलं. चार वाजता परीक्षकांनी बिनडोक्याच्या सैनिकासमोर वहीत काहीतरी लिहिलं आणि ते पुढे गेले.

एर्मेसने साचा गाडीतून आणून दिला. गुलाबी रबराची वडी, आत पाच खड्डे. नीव्हेसने पातीने तिचे उभे तुकडे केले. ते करताना तिने विचारलं, "किती काढलीस?"

"साठ संच."

"कुणाकुणाला?"

"बेचाळीस पत्ते आहेत. बाकी जत्रांमध्ये गेले, रोखीने."

म्हणजे अठरा तीते कुठे गेले आणि कुणाच्या गणवेशात उभे आहेत, हे आता कुणालाच कळणार नाही. साचा कापून त्यात फरक पडणार नव्हता, हे तिला कापतानाही माहीत होतं.

तिने एर्मेसला तिथेच टेबलाशी बसवून पत्र लिहून घेतलं. तिने सांगितलं, त्याने लिहिलं. पाच डोक्यांची पाच नावं, जन्मसालं, घरांची नावं. त्याखाली: ही माणसं आहेत, यांना दुसऱ्या कुणाच्या कपड्यांत घालू नका, घातलं असेल तर डोकी परत पाठवा.

"'क्षमस्व' कुठे लिहू?" एर्मेसने विचारलं.

"तुला वाटत असेल तर लिही. मी सांगणार नाही."

त्याने खाली सही केली. तो शब्द पत्रात नाही. त्याच्या बेचाळीस प्रती सोमवारी टपालात पडतील.

परतताना गाडीत आर्जियाने विचारलं, "आता फवारा कोण मारणार?"

"कोणी नाही. कुंचल्याने लावीन. दाट बसेल, पापण्या भरतील. मग पुन्हा कोरीन."

"जानेवारीपर्यंत होईल?"

"तुझा डावा डोळा सांभाळ म्हणजे झालं."

घरी पोचल्यावर नीव्हेसने जर्मन हेल्मेट पातीने उचकटून काढलं आणि टाचेखाली फोडलं. आतलं डोकं तिने फेकलं नाही. एका रिकाम्या काडेपेटीत ठेवलं आणि वर तारीख घातली. मग ओस्वाल्दोच्या हनुवटीसाठी पुट्टीच्या दोन पट्ट्या कापल्या आणि कडक होऊ नयेत म्हणून न मळता वेगवेगळ्या ठेवल्या.

उद्या रविवार. दफनभूमीचं फाटक आठला उघडतं, पुढचं डोकं ज्यावरून घडवायचं त्या तिसऱ्या ओळीतल्या चोविसाव्या फोटोवर पावणेनऊला ऊन येतं, आणि दहाच्या प्रार्थनेची घंटा वाजेपर्यंत ते तिथे असतं.