भुजंगाचा टँकर आन् माझी निळी माळ

लिही माय. पयलं नाव लिही, भुजंग. माझ्या धाकट्या बहिनीचा, सुमनचा ल्योक. विहारात सांगितलं की यंदाच्या जयंतीच्या पुस्तकात आपल्या गल्लीतल्या एकेका मानसावर लिहायचं हाय. म्या म्हनलं, भुजंगावर ही नागाबाई सांगती. मला लिहिता येत न्हाई, तुला येतंय. पर म्या सांगते तसंच लिही, गोड करू नको.

लातूर उस्मानाबादेपासून फुटून नवा जिल्हा झाला, त्या साली ह्यो जन्मला. सुमन म्हनायची, "सरकारनं जिल्हा काढला आन् म्या पोरगं काढलं, दोघांचं बी रडनं थांबंना." दहावीला दोनदा बसला, दोन्ही डाव उठला. मंग औशात सोलापूर रोडला ट्रकला लाईट बसवायच्या दुकानात लागला. ट्रकवाले लई हौशी. कुनाला टपावर हिरवी लाईट, कुनाला चाकापाशी लाल, कुनाला गान्याचा हॉर्न. भुजंग आधी इचारायचा, "बॅटरी किती झेपती?" गिऱ्हाईक म्हनायचं, "तू जोड की बाबा, तुझ्या काय बापाची बॅटरी हाय?" ह्यो हासायचा. म्हनायचा, "बैलगाडीत धा मानसं बसली तर बैल चालतोय. सारं वऱ्हाड बसलं तर बैल बी बसतोय." पर जोडलं की पक्कं जोडायचा. त्येच्या हातची लाईट गेली आसं कुनी म्हनलं न्हाई. सुमन गेल्यावर दोन्ही टाईम माझ्याच चुलीपाशी जेवायचा.

मंग ते साल आलं, लातूरला रेल्वेनं पानी आलं ते. तुला काय आठवतंय, तू शेंबडी व्हतीस. हौस करायला पैसा कुनापाशी न्हाई, म्हनून दुकान बंद पडलं. त्या टायमाला नुसते टँकर चालायचे. व्यंकटराव म्हनून टँकरवाले व्हते. त्येंच्या समद्या गाड्यांना अंधारात पानी सोडायला जादा लाईटी पायजे व्हत्या. भुजंग गेला त्येंच्याकडं. ते म्हनले, "तुझा हात बगितल्याबिगर गाडी देनार न्हाई. काय तरी करून दाव." हे काम झालं तर भुजंग गावात राहनार, न्हाई तर पुन्याला कुन्या कंपनीच्या गेटावर उभा राहायला जानार. एवढं व्हतं त्येचं.

त्या साली जयंतीला मंडळानं ठरीवलं, डीजे न्हाई, पैशाची वर्गनी न्हाई. घरटी एक तांब्या पानी. ते पानी म्हाताऱ्या मानसांना मानानं पाजायचं. पान्याचा मान काय असतो ते आपल्या लोकांना सांगावं लागत न्हाई. भुजंग म्हनला, "मी पाजतो, टँकरनं." त्येच्यापाशी हैदराबादच्या भंगारातून आनलेला रिमोटचा ट्रक व्हता, मांडीएवढा. त्येच्यावर त्यानं तेलाच्या डब्याची टाकी बसवली. मोटारीची काच धुवायची बारकी मोटर अस्ती ना, ती लावली. बटन दाबलं की नळीतनं गिलासात पानी. वर सहा बारके दिवे.

मी बाजूला बसून बगायची. त्यानं दोन बॅटऱ्या ठिवल्या व्हत्या. म्हनला, "मावशे, ही मोठी चाकाला आन् डोक्याला. ही आपल्या इमर्जन्सी लाईटातली, दिव्याला आन् पान्याच्या मोटरीला."

"डोकं कोनतं?"

"ही डबी. रिमोटचं हिला ऐकू येतंय. हिच्या करंटात वाटेकरी चालत न्हाई. हिला कमी पडलं की ही भैरी हुती, मंग गाडी कुनाचीच न्हाई."

मला पटलं न्हाई. का सांगू? आपल्या गल्लीत खांबावर एक तार, आन् तिच्यावर सगळ्या घरांचे आकडे. एका तारेवर इतकी घरं चालत्यात, खांब कधी भैरा झाला का? आन् माझं मन त्या निळ्या माळेवर. दारावर लावती ती सेलची माळ. टाकीभवती निळं चमकलं तर काय दिसंल! म्या म्हनलं, लाव. तो म्हनला, "दिव्याच्या बॅटरीला सहाच झेपत्यात, मोटर बी हाय." म्या म्हनलं, "माळेला तिचे सेल हायेत." "मंग लाव," म्हनला.

सेल कवाच संपले व्हते. मला ठाव व्हतं.

तो आंघोळीला गेला, म्हंजी ओलं फडकं फिरवायला, तवा म्या माळेच्या दोन्ही तारांची टोकं सोलली आन् त्या डोक्याकडं जानाऱ्या लाल-काळ्या तारांवर आकडे टाकले. वरून माझ्या लुगड्याची चिंधी बांधली. बटन दाबून बगितलं, झकास पेटली. बंद करून गप बसले.

दिस मावळायला आला तवा विहाराम्होरं खुर्च्या मांडल्या. पयल्या खुर्चीवर धुरपताबाई, नव्वदीची. शेवटच्या खुर्चीवर पावने म्हनून व्यंकटराव. भुजंगानं रिमोट धरला. ट्रक डुलत डुलत धुरपताबाईपाशी गेला, थांबला, नळीतनं गिलास भरला. एक थेंब भुईवर न्हाई. म्हातारी पानी प्याली आन् म्हनली, "भुजंगा, माझ्या सुनंपरीस ही गाडी बरी, हाक मारायच्या आधी पानी देती." समदे हासले. व्यंकटराव बी हासले. म्हनले, "उद्या ये रे आड्ड्यावर."

सांग माय, तितं काय कमी व्हतं? पर म्या उठले. म्हनलं, अंधारून आलं, थांब जरा. आन् माझ्या हातानं माळेचं बटन दाबलं. टाकी निळी निळी झाली. बाया म्हनल्या, "नागाबाईचं डोकं बगा." मी फुगले.

ट्रक पुढं निघाला, वळायला लागला, आन् भैरा झाला. भुजंग बटनं दाबून राहिला, ट्रक ऐकंना. सरळ पळाला, व्यंकटरावांच्या खुर्चीच्या पायावर आदळला आन् आडवा झाला. टाकीचं झाकन उडालं. घरटी एक तांब्या पानी, समदं धुळीत गेलं.

लोक नुसते त्या वल्या मातीकडं बगत व्हते. मंग आपल्या गल्लीतला ग्यानोबा मागनं म्हनला, "आमच्या पोरांच्या तोंडातलं पानी, खेळन्यात घातलं." व्यंकटरावांनी धोतर झाडलं. म्हनले, "माझी गाडी आसल्याच हातात देऊ व्हय? बारा हजार लिटर आसतंय तिच्यात."

भुजंगानं एकडाव माझ्याकडं बगितलं. म्या पदर सारका केला.

तो म्हनला, "वायरिंग माझं हाय. चूक माझीच."

घरी आल्यावर त्यानं ट्रक उघडला. चिंधी दिसली त्येला. सोडली, तारा काढल्या, माळ गुंडाळून माझ्या मांडीवर ठिवली आन् म्हनला, "मावशे, च्या टाक." बास. आठ दिसांनी पुन्याला गेला.

तो गेल्यावर म्या चालत व्यंकटरावांच्या आड्ड्यावर गेले. समदं सांगितलं. ते म्हनले, "बाई, त्याच वक्ती सांगायचं की. आता लातूरच्या मानसाला काम दिलं, निम्म्या गाड्या झाल्या बी." ते काय चुकीचं बोलले न्हाईत. परतताना गल्लीत सांगायचं ठरीवलं व्हतं. पारापाशी ग्यानोबा व्हता, चार बाया व्हत्या. म्या "जय भीम" म्हनले आन् पुढं गेले. तवापासून सात वर्सं पुढंच जाऊन राहिले. अजून बी कुनाचं काम बिगडलं की पोरं म्हनत्यात, भुजंगाचा टँकर झाला. मी ऐकती. भाकरी थापती.

हितपतूर लिहिलेलं समदं काल तू त्येला फोनवर वाचून दाखीवलंस. म्या म्हनलं व्हतं दाखव म्हनून. तो मदी हासला, धुरपताबाईपाशी. शेवटी म्हनला, "मावशे, ते माळेचं काढ. म्हातारपनी कशाला?"

म्या इचारलं, "भुजंगा, तवा तू माझं नाव का घेतलं न्हाईस?"

मागं कंपनीचा भोंगा वाजत व्हता. मंग म्हनला, "मला वाटलं, तू घेशील."

हे बी लिही माय. आन् माळेचं काढू नको. छापून आलं की विहारात सगळ्यांम्होरं तूच वाच. ग्यानोबा आल्याबिगर सुरू करू नको. मी खाली बसंन, पर डोक्यावरचा पदर तोंडावर घेनार न्हाई.