वाघाची शनिवारची सुट्टी

बेसाच्या मारुती विहार लेआउटमध्ये सिंधूताईंच्या गच्चीवर एक वाघ बसतो. कापसानं भरलेला, पिवळाधमक, एक कान जरा खाली पडलेला. जत्रेतून त्याला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणलं, तेव्हा रुपरावांचा, म्हणजे सिंधूताईंच्या नवऱ्याचा, चौकाचौकात सत्कार व्हायचा तेवढा राहिला होता.

वाघ आणला वानरांना भिववायला. सिंधूताई लग्न करून इथं आल्या तेव्हा बेसा गाव होतं आणि या जागेवर सासऱ्यांची चिंचेची झाडं होती. झाडांवर काळतोंडी वानरं होती. पुढं रुपरावांनी शेत विकलं, झाडं तुटली, प्लॉट पडले, घरं उठली. लोक राहायला आले, वानरं मात्र कुठं गेली नाहीत. झाडावर बसत होती, ती आता गच्चीवर बसू लागली, एवढाच फरक.

सहा दिवस हा वाघ पाण्याच्या टाकीशेजारी डोळे वटारून बसे. शनिवारी सकाळी मात्र सिंधूताई त्याच्यावर जुनी चादर टाकत आणि कठड्यावर गूळ-पोळी, भिजवलेले चणे मांडत. शनिवार मारुतीचा. देवाच्या माणसांना जेवायला बोलवायचं आणि समोर वाघ बसवायचा, हे त्यांच्या मनाला पटत नसे.

"आज वाघाले सुट्टी काय वं?" रुपराव खालून विचारत.

"तुमाले रोजच आहे. त्याले एक दिवस असली तं काय बिघडलं?"

वानरंही काही खुळी नव्हती. चादरीखाली कोण आहे हे त्यांनी कधीच उचलून पाहिलं होतं. त्यामुळे बाकीच्या दिवशीही ती वाघाच्या पाठीला टेकून उवा काढत बसत. मागच्या उन्हाळ्यात सिंधूताईंच्या मुंगवड्या त्यांनी वाघाच्या साक्षीनं संपवल्या. त्याच्या आदल्या उन्हाळ्यातही तेच.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. मुलगी मयुरा हैदराबादला, पहिलटकरीण. तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. फोनवर म्हणाली, "आई, बाकी काही नको वं. तुझ्या हातच्या मुंगवड्यांची भाजी खावीशी वाटून राहिली." भाचा अंकित रविवारी संध्याकाळच्या गाडीनं तिकडं निघणार होता. आठवडाभर अवकाळीचं आभाळ. ऊन उघडलं ते शुक्रवारी. म्हणजे वड्या वाळायला मधला शनिवार हवाच होता.

त्यातच लेआउटची मीटिंग झाली. शेजारच्या धर्मेंद्रनं ती मागं लागून भरवली होती. त्याच्या गच्चीवर ड्रॅगनफ्रूटच्या कुंड्या होत्या आणि त्यांचे फोटो तो रोज ग्रुपवर टाकत असे. वनविभागाची मेघा आली. म्हणाली, "वानरांना खाऊ घालू नका. खायला मिळतं म्हणून ती येतात. एक घर जरी घालत राहिलं, तरी सगळ्या गल्लीला त्रास होतो."

धर्मेंद्रनं सिंधूताईंकडं बघत टाळ्या वाजवल्या. सिंधूताईंनीही वाजवल्या. लोकांनी खाऊ घालणं बंद करावं, हे त्यांचंही फार दिवसांपासूनचं मत होतं.

शुक्रवारी भिजवलेली मुगाची डाळ वाटून, त्यात कोहळ्याचा कीस नि मिरची घालून त्यांनी जुन्या साडीवर वड्या घातल्या. त्या दिवशी स्वतः राखण बसल्या. शनिवार उजाडला, तसा हात चादरीकडं गेला. साडीवरच्या ओल्या वड्यांकडं बघून तो मागं आला. पोळ्या केल्याच नाहीत. डोक्यावर ओला दुपट्टा, हातात काठी, असं रूप करून त्या वाघाशेजारी बसल्या.

टोळी नेहमीच्या वेळेला आली. म्हातारा हुप्प्या कठड्यावर, बाकीची पंगतीला बसावं तशी ओळीत. कुणी घाई केली नाही. मांडलेलं ताट जरा उशिरा येतंय, इतकाच त्यांचा समज असावा.

सिंधूताईंनी एका हातानं काठी आपटली आणि दुसरा छातीशी नेला. "मारुतीराया, एवढा शनिवार माफ कर. पोरगी दोन जिवांची आहे."

हुप्प्यानं वाघाकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. त्याला त्यांचीच भीती जास्त वाटली असावी. बराच वेळ वाट पाहून तो उठला, अंग ताणलं आणि शेजारच्या गच्चीवर उडी मारली. मागोमाग सगळी टोळी. मग कुंड्या फुटल्याचे आवाज ऐकू आले, एकामागून एक.

थोड्या वेळानं धर्मेंद्र बनियनवरच जिना चढून वर आला. हातात ड्रॅगनफ्रूटचं मोडलेलं खोड.

"काकू! आज शनिवार होय ना? मंग त्याइले जेवू काहून नाही घातलं?"

"तूच तं मीटिंग घेतली गा. त्या पोरीनं सांगतलं, तवा टाळ्या कोण वाजवत होता?"

"ते सगळं ठीक आहे काकू, पण असं एकदम बंद करतेत का? आधी सांगा तं लागते!"

"मी नाही घातलं तं तू घाल. पोळ्या तुया घरीबी होतेत."

धर्मेंद्रनं खोड कठड्यावर ठेवलं. "गूळ लावता का नुसत्या देता?" त्यानं हळूच विचारलं.

"गूळ लावून. आणि चणे भिजवलेले पायजे, कोरडे खात नाहीत ते."

तो खाली गेला. सिंधूताईंनी काठी वाघाच्या मांडीवर ठेवली आणि वड्या एकेक करून उलटायला घेतल्या. खालच्या बाजूनं त्या अजून ओल्याच होत्या.