पहिला बाक

दुपारी स्टाफरूममध्ये रेवतीबाईंचे डोळे मिटतात, त्याला त्या झोप म्हणत नाहीत, विचार म्हणतात. आजचा विचार जड आहे. ऐकू न येणारी तेजल सकाळी खुणांनी सांगून गेलीय, इतिहासाचा पुढचा पेपरही असाच शिकवणार असाल तर मी कॉलेज सोडते. बाईंनी नवी आखणी केलीय. छापील टिपणं, चित्रफितींखाली अक्षरं आणि तेजलला कायमचा पहिला बाक. आता आणखी काय करायचं बाई, असं पुटपुटत त्या टेबलावर डोकं टेकतात.

टेबल ओट्याएवढं उंच होतं. सांगलीच्या घरचाच ओटा. समोर दिगू पोहे खातोय. बाईंचा धाकटा भाऊ, ठार बहिरा, ओठ वाचायचा. काविळीत गेला, त्याला कैक वर्षं झाली.

"अक्का, लिंबू दे की," तो स्वच्छ बोलतो.

"दिगू, तू कॉलेज का सोडलंस रे? आईला शेवटपर्यंत कळलं नाही."

"मला पहिला बाक दिला होता."

"मग चांगलंच की!"

"बस बघू तू."

बाई बसतात. स्वयंपाकघरभर बाक आहेत आणि दिगू फळ्याकडे तोंड करून शिकवतोय. आवाज नाही. मागचे बाक हसण्यानं हादरतात. बाई वळेपर्यंत सगळ्यांची तोंडं मिटलेली. पुन्हा पुढं बघावं, तर दिगूचं वाक्य संपलेलं. बाईंना रडू येतं, संतापही येतो.

"पुढं सरांची पाठ," दिगू जवळ येतो. "आणि वर्ग सगळा माझ्या मागं. पोरं हसली की मी उगीच हसायचो, अक्का."

बाई बाकावरून उठतात. "मग मी काय करू?"

बाकांच्या पायऱ्या झाल्यात, खाली कृष्णा वाहतेय. "सगळ्यांची तोंडं दिसू देत," दिगू म्हणतो आणि खडूनं माखलेली बोटं बाईंच्या गळ्यावर ठेवतो. लहानपणी तो त्यांचं गाणं असंच ऐकायचा. बाई गातात. दिगूचा चेहरा फुलतो.

"मॅडम, गळ्याला काय लागलंय?" देशमाने मॅडम त्यांना हलवत विचारतात.

बाई आरशात बघतात. गळ्यावर चार पांढरी बोटं उमटलीत. आज त्यांनी खडूला हातही लावलेला नाही.

त्या पुसत नाहीत. "चला, वर्गातले बाक हलवायचेत," त्या म्हणतात. "आधी तेजलला बोलवा. कुठं बसलं की सगळे दिसतात, ते तिलाच विचारू."