दुबईला आकाश नाही

अल कुसैसमधले आमचे शेजारी दर जूनमध्ये नॉर्वेला जातात, मध्यरात्रीच्या सूर्याचा उत्सव बघायला. परत आले की लिफ्टमध्ये गाठून सांगतात, "दुबईला आकाशच नाही, लिहून घ्या. नुसती धूळ!"

यंदा तिथूनच फोन आला. आवाज पार खाली गेलेला.

"अहो, आज संकष्टी. इथे अंधारच पडत नाही, चंद्र दिसणार कसा? सकाळपासून उपाशी आहे. जरा गॅलरीत जाऊन बघता का?"

मी गेलो. समोरच्या टॉवरमागून तांबूस चंद्र वर आला होता.

"उगवला," मी सांगितलं.

"नक्की ना? धूळ असेल तिकडे."

"आहे ना धूळ. पण आकाशही आहे, लिहून घ्या."

पलीकडून फक्त पापड मोडल्याचा आवाज आला.