फळीला नमस्कार

“आंटी, इसके पैर नहीं छूने, इस पे खड़े होना है,” सर्फिंग शिकवणारे सर वैतागून म्हणाले.

रांगेत माझ्या पुढे पन्नाशीच्या एक बाई होत्या. शहरातल्या बाडा चौकातून टेम्पोने रोज वॉटर पार्कला यायच्या. सर्फिंगच्या फळीवर पाय ठेवण्याआधी त्या वाकून तिला हात लावायच्या आणि तो कपाळाला न्यायच्या. तेवढ्यात मशीनची लाट यायची आणि फळी निघून जायची. मग त्या पाण्यातून तिच्यामागे धावायच्या, पडायच्या, नाक शिंकरत हसत परत यायच्या.

मी मात्र चार दिवसांत एकदाही फळीवर चढले नव्हते. नंबर आला की मागच्याला “सॉरी, आप जाइए” म्हणायचे आणि रांगेच्या शेवटी जायचे. आज शिकवणीचा शेवटचा दिवस होता.

आज त्या बाई फळीवर क्षणभर उभ्या राहिल्या, मग आपटल्या. परत येताना माझ्याजवळ थांबल्या. मला आईशी फोनवर बोलताना त्यांनी ऐकलं असावं, कारण सरळ मराठीत म्हणाल्या, “मी पाय ठेवायचा म्हणून फळीची माफी मागते, बेटा. तू तर पाय न ठेवताच सगळ्यांची मागत असतेस.”

माझा नंबर आला. मागचे गृहस्थ सवयीने पुढे सरकले, “मैं निकल जाऊँ, मैडम?”

सॉरी अगदी ओठांवर आलं होतं. मी वाकले, फळीला हात लावला, कपाळाला नेला.

“नहीं,” मी म्हणाले, “मेरा नंबर है.”