एक नंबरचं शेवटचं गाणं

श्यामकांत हरला की उठून जायचा. कॉलेजात एकदा कॅरममध्ये हरला, त्यानंतर त्याने स्ट्रायकरला हात लावला नाही. सख्ख्या भावापुढे एका बोलण्यात खाली पाहावं लागलं, तर अकरा वर्षं त्याच्या घराची पायरी चढला नाही. माणूस वाईट नव्हता हो. पण आपलं चुकलं हे कबूल करायची वेळ आली की त्याची दातखिळी बसायची.

असा हा माणूस निरंजनशी चव्वेचाळीस वर्षं एकाच विषयावर भांडत आला, तरी दोस्ती टिकली, याचं रायपुरातल्या मराठी मंडळींना नवल वाटे. विषय तरी काय, तर १९७५ सालचा सगळ्यात भारी रॉक अल्बम कोणता! घरात भजनं ऐकून वाढलेल्या या दोघांना हे वेड लागलं ते गोल बाजारातल्या दयारामच्या दुकानात. दयाराम रेकॉर्डवरून कॅसेट भरून द्यायचा. भिलाईच्या कुण्या इंजिनिअरने त्याच्याकडे दोन विलायती रेकॉर्डी ठेवल्या होत्या, दोन्ही पंचाहत्तर सालच्या. इंग्रजी नावं लिहायचा दयारामला भारी कंटाळा. त्याने कॅसेटींवर बॉलपेनने ‘एक’ आणि ‘दोन’ एवढंच लिहिलं. श्यामकांतने एक उचलली, निरंजनने दोन. अल्बमांची नावं पुढे कळली, पण तोंडात बसले ते नंबरच.

श्यामकांतने नोकरी केली ती रायपूरजवळच्या सिलतऱ्यात, एका लोखंडाच्या कारखान्यात. वर्षभर कानांवर घण पडायचे. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी तेवढी यंत्रं बंद, त्यांना हार, नारळ, आणि सगळीकडे शांत. पूजा उरकली की प्रसादाचा पुडा घेऊन तो थेट शंकर नगरात निरंजनकडे जायचा, आणि वाद सुरू व्हायचा.

“तुह्या दोन नंबरात आहे काय बे? दोन गाणी ऐकली न मी, तिसऱ्याले झोप आली. बंद करून टाकली.”

“पूर्ण तं ऐक कधी.”

“काहून ऐकू? माह्या एक नंबरचं शेवटचं गाणं घे. पहिले नुसती गिटार, एकटी. मंग हळूच ढोल. आहे तुह्याकडे असं?”

इथे निरंजन चहाचा घोट घ्यायचा, जरा वेळ कपात बघायचा आणि म्हणायचा, “गाणं भारी आहे, हे मानतो.” झालं! श्यामकांत गड जिंकल्यासारखा घरी जायचा.

रिटायर झाल्यावर तो आला तो बहिरे कान घेऊन. कारखान्याने पेन्शनीआधी तेच दिलं होतं. उंच स्वर आधी गेले, मग माणसांची बोलणी. विमला, त्याची बायको, गेली तेव्हा तिचे शेवटचे शब्द त्याला ऐकूच आले नाहीत, आणि काय म्हणाली हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही. उरला होता एक निरंजन, जो त्याच्या कानाशी तोंड नेऊन भांडायचा. त्यालाही आषाढात लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. श्यामकांत एकदा भेटून आला, वाकडं झालेलं ते तोंड त्याला बघवलं नाही, आणि पुढचे दोन महिने तो तिकडे फिरकला नाही. याची लाज त्याला वाटत होती.

पूजेच्या आदल्या दिवशी मुलगी अनुश्री त्याच्या कानाच्या मशीनला फोन जोडून देत होती. फोनवर तिने ‘एक नंबर’ अल्बम लावला. गाण्यांची यादी वाचली आणि त्याच्या कानाशी म्हणाली, “बाबा, आपका वाला गाना तो इसमें है ही नहीं.”

“कसं नाही? नीट पाह्य.”

तिने जुनी कॅसेट लावली, शेवटच्या गाण्याशी फोन धरला. फोनने गाण्याचं नाव दाखवलं, अल्बमचंही. अल्बम दोन नंबर होता. त्यातलं पाचवं गाणं.

श्यामकांतला दयारामचं दुकान आठवलं. कोरी फीत सोडणं म्हणजे पाप, असं मानणारा माणूस. कॅसेट उरली की दुसऱ्या रेकॉर्डीवरचं एखादं गाणं ठोकून मोकळा व्हायचा. आणि आपण? तिसऱ्या गाण्याला बंद करून बसलो. आणखी दोन गाणी ऐकली असती, तर! निरंजनच्या कॅसेटमध्ये तर ते रोज वाजत असणार. श्यामकांतला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी तो प्रसाद न घेताच शंकर नगरात गेला. निरंजन खाटेवर पडून होता. श्यामकांत खुर्ची ओढून बसला आणि, आयुष्यात पहिल्यांदा, मोठ्याने म्हणाला, “मी हरलो बे. ते गाणं तुह्या दोन नंबरातलं आहे. चव्वेचाळीस वर्षं मी तुह्याच गाण्यानं तुले हरवून राहिलो.”

निरंजनचे डोळे एकदम घाबरे झाले. धड राहिलेला डावा हात पुढे आला आणि त्याने श्यामकांतचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की नखं रुतली.

“त्यायले सगळं ठाऊक होतं, भाऊजी,” निरंजनची बायको रमा त्याच्या कानाशी येऊन म्हणाली. “मी कितीदा म्हटलं, सांगून टाका न एकदाचं. तं म्हणत, श्याम हरला तं उठून जाईन. मंग विश्वकर्म्याले माह्या घरी येईन कोण?”

श्यामकांतने मान खाली घातली. मग म्हणाला, “वहिनी, दोन नंबर लावा. पहिल्यापासून.”

रमाने टेप लावला. श्यामकांतने कानाची मशीन दाबून धरली, पण तिच्यातून नुसती घरघर येत होती. पहिलं गाणं कुठे संपलं आणि दुसरं कधी लागलं, हे त्याला समजेना.

“आलं का बे?” त्याने विचारलं. निरंजनने मान हलवली, नाही. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. अजून नाही. कॅसेटीची चाकं फिरत होती, श्यामकांत त्यांच्याकडे बघत होता, आणि मनगट काही सुटलं नव्हतं.

मग निरंजनच्या बोटांनी मनगट दाबलं. पाचवं लागलं होतं. श्यामकांत पुढे वाकला, डोळे मिटले, श्वाससुद्धा धरून ठेवला. त्याला काहीच ऐकू आलं नाही. तो उठून गेला नाही.